आज टँकर आलाय का?

मासे पाळायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात पडणारा प्रश्न ठरलेला असतो. पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा सांगणारा सामू, किती ठेवायचा? उत्तरंही ठरलेलीच. दुकानदार म्हणतो सात. इंटरनेट सांगतं निऑन टेट्राला साडेसहा, मॉलीला आठ, एंजलला मधलं काहीतरी. मग हा माणूस तिन्ही मासे एकाच टाकीत सोडतो आणि तिघांना चालेल असा एक आकडा शोधत बसतो. मला कोणी विचारलं तर मी उलट विचारते, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? लोक जरा चमकतात. नळातून येतं की, आणखी कुठून!

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये नळ एक असला तरी पाणी एक नसतं. आमच्याकडे तीन आहेत. कॉर्पोरेशनचं पाणी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांच्या साखळीतलं. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस, फारसा खडकात न मुरता धरणात आलेला, म्हणून हलका. दुसरं बोअरचं. त्यात डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि केस धुतले की काथ्यासारखे होतात. तिसरं टँकरचं, आणि ते कुठल्या विहिरीतून येतं हे टँकरवाल्यालाच ठाऊक. फेब्रुवारी संपला की ही तिन्ही पाणी खालच्या मोठ्या टाकीत एकत्र होतात, कधी कोणाचं जास्त, कधी कोणाचं कमी. त्यामुळे माशांच्या टाकीचं पाणी बदलायच्या दिवशी सकाळी मी टेस्ट किट उघडण्याआधी खाली फोन करते. "काका, आज टँकर आलाय का?" वॉचमनकाकांना आता सवय झाली आहे. "दोन आले, ताई. थांबा उद्यापर्यंत." हे उत्तर मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त सांगून जातं.

का, ते सांगते. पाऊस खाली येतानाच हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. अगदी स्वच्छ पावसाचा सामूसुद्धा सातच्या खाली, म्हणजे आम्लाच्या बाजूला, साधारण ५.६ असतो. जमिनीत मुरताना मुळांनी आणि कुजत्या पाल्याने सोडलेला वायू त्यात मिसळतो आणि ते आणखी आम्ल होतं. हे किंचित आंबट पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपतं आणि त्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवत जातं. या झटापटीत आम्ल संपतं आणि पाण्यात बायकार्बोनेट उरतं. बोअरच्या पाण्याचा जडपणा तो हाच. कोकणात उलटी तऱ्हा आहे. तिथला जांभा लाखो वर्षं पाऊस खाऊन इतका धुतला गेलाय की पाण्याला द्यायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नाही. म्हणून जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकलेलं असतं.

मासे पाळताना सगळा खेळ या बायकार्बोनेटचा आहे. छंदातले लोक त्याला केएच म्हणतात. खिशात आज किती पैसे आहेत हा सामू, आणि खात्यात किती शिल्लक आहे हा केएच. लोक रोज खिसा चाचपतात, पासबुक कोणी उघडत नाही. टाकीत आम्ल सतत तयार होत असतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून, फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामातून. बायकार्बोनेट ते आम्ल गिळत राहतं आणि सामू जागचा हलत नाही. म्हणजे सामू स्थिर दिसतो तेव्हाही खातं रोज थोडं थोडं रिकामं होतच असतं. हिशेब मोठा आहे. जिवाणू अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करतात तेव्हा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे सात मिलिग्रॅम शिल्लक उडते.

केएच मोजणं सामू मोजण्यापेक्षा सोपं आहे आणि, खरं सांगायचं तर, जास्त मजेचं. काचेच्या छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं. औषधाचा पहिला थेंब पडला की पाणी निळं होतं. झाकण लावून नळी हलवायची. दुसरा थेंब, पुन्हा हलवायची. थेंब मोजत जायचं आणि निळ्याचं एकदम पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका केएच. एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एका अंशाचा अर्थ कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम. आमच्या कॉर्पोरेशनच्या पाण्यात तीन-चार थेंबांतच रंग पालटतो. बोअरचं पाणी असलं की मी बारापर्यंत मोजत जाते आणि पाणी निळं ते निळंच. सामूच्या नळीत हिरव्या-निळ्याच्या मधली ती छटा ओळखण्यात दोघांची दोन मतं होतात. इथे वादाला जागा नाही.

सामूची पट्टी फसवी आहे ती आणखी एका कारणाने. ही पट्टी १९०९ साली सोरेन सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बिअर नीट जमण्यासाठी आम्लतेवर लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा गडी योग्य जागी होता. त्याने मापाला लॉगरिदमची शिडी लावली. सातवरून सहावर येणं म्हणजे एक पायरी नव्हे, आम्लता दहापट. पाचवर आलात तर शंभरपट. "अहो, पॉइंट पाचने तर कमी झालाय" असं कोणी म्हणालं की म्हणूनच मी लगेच मान डोलावत नाही.

दुकानात 'पीएच डाउन' नावाच्या बाटल्या मिळतात. त्यांच्यावर माझा राग आहे. बाटलीतलं औषध वाईट असतं म्हणून नाही, ती विकताना पुढची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून. जड पाण्यात हे आम्ल टाकलं की ते बायकार्बोनेटशी भिडतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू विरघळलेला असेपर्यंत सामू खाली दिसतो. संध्याकाळी ६.८ बघून माणूस खूश होऊन झोपतो. रात्रभर एअर स्टोनचे बुडबुडे चालू, वायू उडून जातो, सकाळी सामू परत आठच्या आसपास. मग आणखी चार थेंब. असं आठवडाभर चालतं आणि प्रत्येक वेळी केएच थोडा थोडा झिजतो. एक दिवस खातं संपतं. त्या दिवशी नेहमीचेच चार थेंब पडतात आणि सामू थेट पाचवर कोसळतो. रोज तेवढंच तर टाकत होतो, मग आजच असं का झालं, याचं उत्तर बाटलीवर छापलेलं नसतं.

लिंबू पिळणारेही भेटतात. लिंबातलं सायट्रिक आम्ल म्हणजे जिवाणूंना मेजवानी. ते वाढतात, पाणी दुधाळ होतं, प्राणवायू कमी पडतो. तुरटी फिरवायचा सल्ला देणारे त्याहून धाडसी. तुरटीने केएच खाली येतो हे खरं, पण आम्ल पाण्यात तिच्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना त्रास देतं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची टाकी मात्र कोणत्याही बाटलीशिवाय गेली. त्यांच्याकडे जाडजूड गोल्डफिश होते, चांगले तळहाताएवढे. काकूंचा नियम साधा होता. पाणी कमी झालं की वरून भरायचं, बाकी हात लावायचा नाही. मासे खात होते, फिरत होते, कोणाची तक्रार नव्हती. गणपतीला पाहुणे येणार म्हणून त्यांनी टाकी साफ करायला घेतली. तीन हिस्से पाणी काढलं, काच घासली, दगड धुतले, नळाचं पाणी भरलं. सकाळी सगळे मासे वर तरंगत होते. "इतके दिवस हात लावला नाही तर जिवंत, आणि एक दिवस स्वच्छता केली तर मेले! टँकरच्या पाण्यात काहीतरी होतं बघ," काकू म्हणाल्या. सोसायटीचंही तेच मत पडलं आणि कमिटीत टँकर बदलायची चर्चा सुरू झाली.

काकूंनी जुनं पाणी फेकलं नव्हतं. कुंड्यांना घालायला बाल्कनीत बादलीत ठेवलं होतं. त्यातलं थोडं मी नळीत घेतलं. सामूची नळी पिवळीधमक, म्हणजे पट्टीच्या तळाशी, सहा किंवा त्याहूनही कमी. केएचच्या नळीत पहिला थेंब निळा व्हायच्या ऐवजी पडताक्षणी पिवळा. शिल्लक शून्य. अमोनियाची नळी पाच मिनिटांनी गडद हिरवी झाली, बाटलीसोबतच्या तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनासारखी. मग काकूंच्या नळाचं पाणी तपासलं. सामू आठ.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठलं किती हे सामू ठरवतो. २५ अंशांच्या पाण्यात सामू सहा असेल तर विषारी रूप दहा हजारांत सहाच्या आसपास. सातला हजारात सहा. आठला शंभरात पाच. काकूंच्या टाकीत केएच हळूहळू शून्यावर आला, सामू घसरला आणि इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरमधले जिवाणू मंदावले. अमोनिया साचत राहिला, पण आम्ल पाण्यात जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात. मासे त्या घाणीत तग धरून होते ते केवळ पाणी आंबट होतं म्हणून. त्यात टँकरचं जड, अल्कधर्मी पाणी पडलं. अमोनिया जुनं पाणी काढल्याने चौथ्या हिश्शावर आला होता, पण सामू सहाखालून आठच्या दिशेने चढला आणि उरलेल्यातला विषारी भाग कित्येक पटींनी वाढला. शिवाय क्षारांचं प्रमाण एका रात्रीत बदललं, तो धक्का वेगळाच. टँकरच्या पाण्यात काहीतरी होतं हे खरंच, पण ते विष नव्हतं, बायकार्बोनेट होतं. हे मी काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टँकर बदलायच्या अर्जावर सही केली.

अशी जुनी, हात न लावलेली टाकी कोणाकडे असेल तर एक करावं. रोज दहा टक्के पाणी बदलावं, त्याहून जास्त नाही, आणि अमोनिया खाली येईपर्यंत सामू वर ढकलायची घाई करू नये. तोवर खाणंही कमी द्यावं. अमोनिया उतरला की मग केएच थोडा थोडा वाढवावा. खाण्याचा सोडा पन्नास लिटरला एक चमचा टाकला तर केएच सुमारे चार अंशांनी वर जातो. तोसुद्धा एकदम नाही, चार दिवसांत वाटून, आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून. बाहेरगावाहून प्रवास करून आलेल्या माशांच्या पिशवीतही हेच घडतं. बंद पिशवीत मासे श्वास सोडत राहतात, पाणी आंबतं आणि साचलेला अमोनिया गप्प बसतो. पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसलात तर वायू उडतो, सामू चढतो आणि मासा स्वतःच्याच घाणीत भाजतो. कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळतूरहून लांबचा प्रवास करून आलेली पिशवी असेल तर तापमान जुळवायचं, पिशवी उघडायची, मासा जाळीने काढून सरळ टाकीत सोडायचा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही.

हे सगळं वाचून कोणी सामूच्या प्रत्येक हालचालीला घाबरायला लागेल, तर तसंही नाही. माझ्या टाकीत व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं रान आहे. पहाटे दिवा लागायच्या आधी सामू बघावा तर सातच्या जवळ, आणि संध्याकाळी त्याच टाकीत साडेसातच्या पुढे. रात्रभर झाडं, मासे, जिवाणू सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि उजेड पडला की झाडं तो ओढून घेतात. पाण्यातला वायू संपला तर व्हॅलिस्नेरिया बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन घेते. तेव्हा तिच्या पानांवर चुन्याची खरखरीत साय धरते, बोट फिरवलं की कळते. वायूमुळे होणारा हा रोजचा चढउतार माशांना चांगला सोसतो. नदीनाल्यांत, तळ्यांत हेच चालतं. क्षार बदलले किंवा अमोनिया जागा झाला तर ते मात्र सोसत नाही. लोक दोन्हींना 'पीएच हलला' म्हणतात, आणि घोळ तिथे होतो.

बोअरचं पाणी मोजायचं असेल तर ते रात्रभर बादलीत उघडं ठेवून, जमलं तर एअर स्टोन लावून, मगच मोजावं. जमिनीतून नुकतंच वर आलेलं पाणी वायूने भरलेलं असतं. आत्ता सात दाखवणारी तीच बादली उद्या सकाळी आठ दाखवते.

दगडांचंही बघावं लागतं. घाटातला काळा दगड सहसा निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात आणि ते बहुतेक दोन जातींचे. एक झिओलाइट, जे पाण्याला त्रास देत नाहीत. दुसरं कॅल्साइट, जे आम्ल पाण्यात विरघळत राहतं आणि केएच वाढवतं. नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. गच्चीवर नेऊन संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाकला की कळतं. हातमोजे घालायचे आणि नंतर दगड भरपूर धुवायचा. कॅल्साइट फसफसतं. जुन्या घराची शहाबादी फरशी फोडून तिची छानशी गुहा करणारे एक हौशी काका माझ्या ओळखीत आहेत. शहाबादी म्हणजे चुनखडकच. कडप्पाही चुनखडकच, काळा आहे म्हणून काळा पाषाण समजू नये. ज्या ओट्यावर लिंबू सांडलं की डाग राहतो, तो दगड टाकीत सामू चढवणार. मॉली, गप्पी असतील तर ती गुहा उलट फायद्याची. टेट्रा असतील तर नको.

सामू खरोखर खाली आणायचा असेल तर रस्ता एकच, केएच कमी असलेलं पाणी मिसळणं. आरओचं शुद्ध पाणी चालतं, त्याच्या वेस्टच्या पाइपमधलं नाही. त्यात क्षार उलट वाढलेले असतात. कोकणात ज्याला पागोळीचं पाणी म्हणतात, ते कौलांवरून पडणारं पावसाचं पाणीही चालतं. पहिले चार-पाच जोरदार पाऊस छपराची धूळ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग भरायचं. पण नुसतंच पावसाचं पाणी वापरायचं नाही, त्यात केएच जवळजवळ शून्य असतो. देशी बदामाची वाळून लाल झालेली पानंही टाकतात. त्यांच्या टॅनिनने पाणी चहासारखं होतं आणि मासे त्यात खुलतात हे मी पाहिलंय. पण आठ-दहा केएचच्या बोअरच्या पाण्यात दोन पानं टाकून सामू उतरेल अशी आशा धरू नये. रंग येईल, आकडा हलणार नाही.

आणि एवढा आटापिटा कशासाठी? दुकानातले बहुतेक निऑन टेट्रा शेतांवर पैदा झालेले असतात आणि साडेसातच्या स्थिर पाण्यात त्यांचं बरं चालतं. अंडी उबवायची असतील तर मऊ पाणी लागतं, ती गोष्ट वेगळी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीच्या काळ्या, आम्ल पाण्यातला थेट पकडून आणलेला मासा पुण्याच्या बोअरमध्ये वाढवायचा हट्ट मला पटत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी मुळातच आठच्या आसपास असतं. तिथले सिक्लिड मासे बोअरच्या पाण्यात मजेत राहतात. गप्पी तर मलेरिया खात्याने विहिरीत सोडला तरी संसार थाटतो.

रत्नागिरीला माझ्या भावाचा मुलगा नववीत आहे. गेल्या दिवाळीत त्याने टाकी घेतली. विहिरीच्या पाण्यात केएच एकच थेंब, आणि टाकीत मॉली. महिन्याभरात त्याचा फोन आला. "आत्या, माझ्या गोगलगायीचं कवच झिजतंय गं." त्याने फोटो पाठवला. शंखाच्या टोकाकडचा तपकिरी थर गेला होता आणि पांढरे खड्डे पडले होते, खडूवर नख ओढल्यासारखे. पाण्यात कॅल्शियम नाही, केएच नाही, म्हणून पाणी गोगलगायीच्या कवचातून चुना काढून घेत होतं. मॉली एका जागी अंग हलवत उभ्या होत्या, पंख मिटून.

"तुमच्याकडे तिसऱ्या आणतात ना?" मी विचारलं.

"रविवारी आई करते की."

"मग त्यांच्या शिंपल्या फेकू नको. मीठमसाला जाईपर्यंत धू, उकळ, उन्हात वाळव, फोड आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरच्या धारेखाली ठेव. पाणी आंबेल तशा त्या विरघळतील, आंबणं थांबलं की त्याही थांबतील."

"किती टाकू?"

"मूठभर. आणि दर रविवारी केएच मोजून मला कळव. चार थेंब झाले की सांग."

तीन रविवार मेसेज आला, "दोन." चौथ्या रविवारी मेसेजच नाही. मी फोन केला तर भावजय म्हणाली, त्याची परीक्षा चालू आहे, पण पिशवी त्याने दुप्पट केली आहे आणि आता घरात दर बुधवारीही तिसऱ्याच होतायत.